बुवांची पट्टी

फळ्यावरचा रंग अजून ओला होता. साताऱ्याच्या नाट्यगृहाच्या फाटकाशी आमचा टेम्पो थांबला, मी पुढच्या बाजूनं उतरले आणि आखडलेली कंबर सरळ करता करता सहज वर बघितलं. नाटकाचं नाव, त्याखाली लेखक, दिग्दर्शक आणि नायक म्हणून मधुबुवांचं नाव, मग आजची तारीख, दुपारी चार. आणि सगळ्यात खाली तांबड्या अक्षरांत दोन ओळी. रूप : चारुलता. सूर : अपूर्वा. मी त्या दोन ओळी तीनदा वाचल्या. चारुलता म्हणजे मी. अपूर्वा म्हणजे बुवांची मुलगी, जी फलटणला सासरी असते आणि जी या नाटकाच्या एकाही तालमीला आलेली नव्हती. नायिकेची पाच पदं आहेत. ती पाचही पदं मी गेले आठ महिने घोटत होते, अंघोळ करताना, भाजी चिरताना, बसच्या रांगेत ओठांतल्या ओठांत. फळा रंगवणारा धुळा पेंटर, पन्नाशीचा माणूस, शिडीखाली बसून रॉकेलमध्ये ब्रश धूत होता. मला बघून उठला. "ताई, झ्याक झालंय न्हवं? तुमचं नाव वर घेतलंया. बुवांनी खाली सांगितलं हुतं. मीच म्हनलं, न्हाई, लोक बाईंचं तोंड बघाय येनार, ते वर पायजे." मी विचारलं, बुवांनी हे कधी सांगितलं? "झालं की आठ दीस. फोन आल्ता." आठ दिवस. म्हणजे गेले आठही दिवस मी रोज सकाळी साडेसहाला त्यांच्या समोर पाटावर बसून गात होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. काल तर जाताना म्हणाले, आज बरं झालं.

माझ्या तळव्यांना घाम आला. रागानं मला असाच घाम येतो, तळव्यांना आणि वरच्या ओठावर. वरच्या ओठावरचा मात्र फोटोच्या वेळी दुसरंच कुणीतरी टिपायचं, कापसानं, हलक्या हातानं, कारण तो ओठ माझा नव्हताच, तो कामाचा होता. वयाच्या अठराव्या वर्षी सांगलीतल्या लालासाहेबांच्या स्टुडिओत मी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. हळदीच्या पुड्यासाठी फोटो हवा होता. हिरवं लुगडं, नथ, हातात हळदीचं ताट. मी हसले. लालासाहेबांनी कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "ताई, ओठ मिटा. नजर बोलू दे." माझा वरचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला आहे. तो त्या दिवसापासून आजपर्यंत कुठल्याही फोटोत आलेला नाही. साड्यांच्या दुकानाचं कॅलेंडर आलं, ओठ मिटा. पुण्याला गेले, चौकाचौकांत माझ्या चेहऱ्याच्या पाट्या लागल्या, ओठ मिटा. आठ वर्षं मी तोंड बंद ठेवून जगले आणि त्यालाच लोक माझं करिअर म्हणत होते. शेवटी एकदा मुंबईला दागिन्यांच्या जाहिरातीत मला एक वाक्य मिळालं. एकच. सहा शब्दांचं. ते मी इतक्यांदा पाठ केलं की शब्दांची चवच गेली. जाहिरात टीव्हीवर लागली तेव्हा आई, मी, शेजारच्या दोघी अशा सगळ्या बसून बघत होतो, आणि माझ्या तोंडातून भलत्याच बाईचा गोड, गुळगुळीत आवाज बाहेर आला. फोन करून विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, मॅडम, तुमच्या बोलण्यात सांगली येते. मग कुठं यायला हवी होती? लंडन? आई म्हणाली, दिसतेस मात्र छान. शेजारणी म्हणाल्या, आवाज किती गोड लागलाय गं तुझा!

त्याच महिन्यात मी सगळं सोडलं. सव्वीस वर्षांची होते. फोटोचं काम घेऊन येणाऱ्यांना आई दारातून परत पाठवी आणि मग माझ्याशी दोन दिवस बोलत नसे. मला बोलायचं होतं आणि गायचं होतं. सांगलीत राहून नाटकात जायचं म्हणजे काही दिवे लावणं नव्हे, इथं गल्लीत चार माणसं जमली तर तीन नाटकातली निघतात. पण मधुबुवांकडे जायचं म्हणजे मोठी गोष्ट होती. माणूस गावभागातल्या दोन खोल्यांत राहायचा आणि संगीत नाटकाची मंडळी चालवायचा, कुणी बघो न बघो. मी गेले तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं नाही, सरळ पेटी ओढली. याच एका गोष्टीवर मी भाळले. पेटीवरची पहिली काळी पट्टी, काळी एक, त्यांच्या बोटानं झिजून पांढुरकी पडली होती. तीच त्यांची पट्टी. षड्ज तिथं धरायचा आणि तिथून पुढं सगळं. त्यांनी सूर दिला आणि म्हणाले, लाव. मी लावला. तो मला खाली लागेना आणि वरचा धरला तर मानेच्या शिरा ताठायच्या. ते म्हणाले, गळा अजून सुरात बसायचाय. मी म्हटलं, बसेल. कारण गुरूच्या पट्टीत शिकायचं असतं हे मला लहानपणापासून माहीत होतं, जेवताना डावा हात ताटाला लावायचा नाही हे माहीत असतं तसं. ते काय कुणी शिकवत नाही. पट्टी विचारणं म्हणजे उद्धटपणा, बुवांना सांगणं की तुमचा सूर मला नको. चार वर्षं मी त्या काळी एकवर चढत राहिले. खाली गेले की नुसती हवा, वर गेले की किंकाळी. घसा धरायचा, हळद घालून दूध प्यायचं (पुड्यावर माझंच तोंड), दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसहा. दर गुरुपौर्णिमेला नारळ आणि पाया पडणं. मंडळीच्या नाटकांत मला कामं मिळत गेली, आधी दासी, मग नायिकेची मैत्रीण, आणि अभिनय मला येत होता, हे माझं मीच म्हणत नाही, पलूसच्या प्रयोगाला बायका माझ्या एका प्रवेशाला डोळ्यांना पदर लावून रडल्या होत्या. गाण्याचं पद आलं की मात्र बुवा कात्री लावायचे. पुढच्या नाटकात, म्हणायचे. हे पुढचं नाटक होतं.

आत गेले. बुवा मेकअपच्या खोलीत खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आज पंचविशीचा राजपुत्र होणार होता, मिशी आधीच काळी करून आला होता. मी म्हटलं, "बुवा, फळ्यावर काय लिहिलंय?"

"वाचलंस होय? बरं झालं बाई. मला तोंडानं सांगायला अवघडच जात होतं."

"आठ दिवस अवघड जात होतं?"

"अगं, रागावतेस काय अशी! तुला काय कमी केलंय का मी? नायिका तूच आहेस. संवाद तुझे, प्रवेश तुझे. पदांपुरती अपूर्वा विंगेतून गाईल. तुझं गाणं अजून लोकांपुढं न्यायचं झालेलं नाही, हे तुलाही कळतंय. इथले श्रोते जुने आहेत, कान धरून बाहेर काढतील." त्यांनी बशी खाली ठेवली, आणि मग ते वाक्य बोलले, अगदी मायेनं. "नुसते ओठ हलवायचे गं. तुला त्याची सवय आहे."

बोलायला हवं होतं. पुढं कितीतरी दिवस मी त्या खोलीत मनानं परत जाऊन त्यांना काय काय बोलले आहे, एकदा तर ती बशी उचलून भिंतीवर फोडली आहे. त्या वेळी मात्र मान खाली घालून बाहेर आले. असला राग फार वाईट असतो, जो योग्य वेळी जिभेवर येत नाही आणि मग घरभर हिंडत राहतो. मी प्रेक्षागृहात जाऊन रिकाम्या खुर्च्यांत बसले. स्टँडवर जावं, दोनची सांगली गाडी धरावी, बसू दे राजपुत्राला एकट्याला बोंबलत, असं मनात आलं. पण सांगलीला जाऊन काय करणार होते? आईनं लालासाहेबांचा पत्ता अजून जपून ठेवला होता. आज मी इथून तोंड मिटून गेले असते, किंवा इथंच राहून नुसते ओठ हलवले असते, तरी शेवट एकच होता. मी तिशीची झाले होते. चेहरा आहे पण गळा नाही असं एकदा सातारा-सांगलीत ठरलं की ते मरेपर्यंत पुसलं जात नाही, इथं माणसाला एकदा नाव पडलं की पडलंच. मंडईत मला अजून हळदीवाली म्हणतात.

बाराच्या सुमाराला अपूर्वा आली. फलटणच्या गाडीनं, एकटीच, डोक्यावरून पदर घेऊन, हातात डबा. माझ्याच वयाची. मागच्या दारानं आत आली आणि सरळ विंगेत जाऊन खुर्चीवर बसली. तिला मंचावर पाय ठेवायचीही मुभा नसावी असं तिचं चालणं होतं. रंगमंचाच्या खाली, पुढच्या बाजूला, नानासो ऑर्गन लावत होते. नानासो पलूसकडचे, भजनात पेटी वाजवता वाजवता बुवांकडे आले आणि मंडळीतच म्हातारे झाले. अपूर्वानं त्यांना आतूनच हाक मारली, "नानासोकाका, काळी चार द्या." आणि त्यांनी सूर दिला. एवढंच. ना तिनं परवानगी मागितली, ना त्यांनी बुवांकडे बघितलं. तिनं पहिलं पद सुरू केलं, माझं पद, आणि ते विंगेतून पाण्यासारखं वाहत आलं. मी दातओठ खात ऐकत होते. तिच्या चुका शोधत होते. आणि शोधता शोधता कधी तिच्याबरोबर गुणगुणायला लागले ते मला कळलं नाही. ओळ वर गेली आणि मीही गेले. मानेच्या शिरा ताठल्या नाहीत. ओळ खाली आली, खालच्या पंचमावर, जिथं माझा आवाज चार वर्षं विरून जात होता, आणि तिथं आवाज होता. भरीव, माझाच, छातीच्या हाडाला जाणवणारा. मी घाबरून तोंडावर हात ठेवला. मग हात काढला आणि पुन्हा गुणगुणले. पुन्हा लागला. म्हणजे गळा सुरात बसायचा नव्हता, तो बसलेलाच होता. मी चार वर्षं चुकीच्या जागी उभी होते आणि उभं राहता येत नाही म्हणून स्वतःला कोसत होते. मला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यामागून जो राग आला तसा मला आयुष्यात कधी आलेला नव्हता. त्यातला निम्मा माझ्यावरच होता. एक शब्द विचारायचा होता, बाई. चार वर्षांत एकदा तोंड उघडून विचारायचं होतं. पण मला ओठ मिटायची सवय होती ना.

मी विंगेत गेले. अपूर्वा डबा उघडून बसली होती. "जेवतेस का?" म्हणाली. मी उभ्या उभ्याच विचारलं, "तुझी पट्टी काळी चार कुणी ठरवली?"

"आईनं. मी बाबांकडं शिकलेच नाही. आई स्वयंपाक करता करता गायची, मी तिच्या मागं लागून शिकले. ती म्हणायची, त्यांच्या पेटीपाशी बसू नकोस, गळ्याचं वाटोळं होईल." तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा घास हातातच राहिला. "तू अजूनही काळी एकमध्येच गातेयस?"

"बुवांना हे कळलं नसेल?"

तिनं घास परत डब्यात ठेवला. मग म्हणाली, "मागं दिवाळीला मी त्यांना म्हटलं होतं, त्या चारुलताला वर घ्या, तिचा आवाज तिथं आहे. दाराबाहेरून ऐकलं होतं मी तुला. बाबा म्हणाले, मग द्वंद्वगीताचं काय करू? नायिका माझ्या पट्टीला यायला पाहिजे, मी या वयात कुठं तिच्या पट्टीला जाऊ?"

म्हणजे माहीत होतं. मी त्याला चूक समजून गुरूला मनातल्या मनात माफ करायच्या तयारीत होते, आणि इथं तर हिशेब सरळ होता. दोघांचं एक गाणं आहे, त्यात राजपुत्राचा गळा फाटू नये म्हणून माझा रोज सकाळी फाडायचा. आणि वर नारळ घ्यायचा. मी अपूर्वाला म्हटलं, "आज तू गाऊ नकोस. माईक बंद ठेव. मी गाईन." मला वाटलं ती नाही म्हणेल. तिचंही हे एवढंच होतं, वर्षा-दोन वर्षांनी मिळणारी विंगेतली खुर्ची. सासरी फळ्यावर नाव चालतं, मंचावर तोंड चालत नाही, असं तिनंच मघाशी हसत सांगितलं होतं. ती डब्याचं झाकण लावत राहिली, ते नीट बसत नव्हतं. "पडशील," म्हणाली. "तालीम नाही, काही नाही. सवय काळी एकची." मी म्हटलं, पडेन. "मग गा," ती म्हणाली. "मला तरी कोण बघतंय इथं." तिच्या आवाजात माझ्यासारखाच राग होता, फक्त जुना झालेला. मला माझीच लाज वाटली, कारण सकाळपासून मी तिच्या नावानं बोटं मोडत होते.

नानासोंना मात्र सांगणं भाग होतं. ते पायरीवर बसून तंबाखू मळत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बुवास्नी इचारलं का?"

"नाही."

"मग मी बी काय ऐकलं न्हाई." चिमूट गालात धरली. "आवं ताई, पट्टी तर अपूर्वाताईचीच लावल्याली हाय. वर कोन गातंय ते मला कुठं दिसतंय? मी पेटीत डोस्कं घालून बसनार. फकस्त येक ध्यानात ठेवा. गानाऱ्यानं सूर धरला की पेटीनं त्येच्या मागं जायाचं, ही बुवांचीच शिस्त हाय. चाळीस साल मी मागंच जातोया." मी जायला निघाले तशी मागून म्हणाले, "लय दिसांनी इचारलंसा."

चार वाजता पडदा वर गेला. निम्म्याहून अधिक खुर्च्या भरल्या होत्या, पुढं टोप्या आणि चष्मे, मागं कॉलेजची पोरं, जी अर्थातच रूप बघायला आली होती. मी प्रवेश केला तसं मागून कुणीतरी शीळ घातली. संवाद झाले. ऑर्गनवर काळी चार वाजली, मी श्वास घेतला आणि विंगेत अपूर्वानं माईकचं बटण खाली केलेलं मला दिसलं. मी तोंड उघडलं. तो चढलेला दात, सांगलीचे उच्चार, सगळं घेऊन उघडलं. पहिली ओळ थरथरली. दुसऱ्या ओळीला माझा श्वास अर्ध्यात संपला. एक तान घसरली आणि मी भलत्याच जागी जाऊन पोचले, पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. पण आवाज होता. तो कुठं जात नव्हता, मी पडले तरी खाली जमिनीसारखा होता, आणि मी उठून पुन्हा त्याच्यावर उभी राहत होते. अंतऱ्यात वरचा षड्ज लागला आणि ठरला. मी तो सोडला नाही. रागानं धरून ठेवला, तबला समेवर येऊन गेला तरी सोडला नाही. मागची पोरं गप्प झाली होती. टाळ्या बेताच्याच पडल्या, पण त्या टाळ्यांत एक कुणीतरी वन्समोअर म्हणालं, एकच आवाज, बाईचा. मी आत बघितलं नाही.

मग राजपुत्र आला. प्रेक्षकांकडे पाठ करून माझा हात हातात घ्यायचा होता, त्यात बुवा दबक्या आवाजात म्हणाले, "अपूर्वाचा माईक बिघडला काय? बरं निभावलंस. आता द्वंद्वगीत माझ्या पट्टीत, मी नानासोला खूण करतो." त्यांच्या तोंडाला चहाचा वास येत होता. चेहरा इतका निर्धास्त होता की मला तो ओरबाडावासा वाटला. माईक बिघडला म्हणे! मी गाऊ शकेन हे त्यांच्या मनातही आलं नाही. ते नानासोंकडे वळायच्या आत मी गाणं धरलं. पहिली ओळ नायिकेचीच आहे, 'दोघांचे हे एक अंगण'. काळी चारमध्ये धरली, स्वच्छ, सावकाश, आणि पेटी माझ्या मागं आली.

दुसरी ओळ बुवांची. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तो क्षण मला विकत घेऊनही मिळाला नसता. त्यांना कळलं. चाळीस वर्षं गाणाऱ्या माणसाला कळायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी खालून धरून बघितलं, तर नुसती घरघर आली. वर गेले. मानेची शीर टरारून फुगली, मिशीचा काळा रंग घामानं ओघळायला लागला, आणि सूर फाटला, चक्क फाटला, जुन्या धोतरासारखा. मागून एक पोरगा हसला. टोप्यांतली एक टोपी शेजारच्या टोपीच्या कानाला लागली. पुढची ओळ मी गायले. त्याच्या पुढची त्यांची होती. त्यांच्या डोळ्यांत मी कधी न बघितलेलं काहीतरी आलं, विनवणीच म्हणायची. हा माणूस पहाटे उठून मला शिकवत होता, माझ्याकडून त्यानं कधी दक्षिणा घेतली नव्हती, आणि वरपासून खालपर्यंत न बघणारा तो पहिला पुरुष होता. हे सगळं मला त्याच वेळी आठवलं. दयाही आली, नाही आली असं म्हणणं खोटं होईल. विंगेत अपूर्वा खुर्चीवरून उठून उभी राहिली होती.

नानासोंनी वाजवता वाजवता मान वर केली. ते बुवांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. बोट काळी एकपाशी नेऊन ठेवलं होतं. उतरवू का, एवढंच विचारत होते.

मी मान हलवली. नाही. आणि बुवांकडे वळून, हसून, त्यांच्या ओळीची वाट बघत उभी राहिले.